पेलोनच्या पापण्या

६ जानेवारी

आले बाई एकदाची सोचिमिल्कोला, मेक्सिको शहराच्या या कालव्यांच्या भागात! सामान म्हणजे दोन पेट्या, एक शिवणयंत्र आणि बेकरीतल्या मैत्रिणींनी दिलेली ही वही. त्यांनी बजावून सांगितलंय, ओतिलिया, नव्या संसाराचं रोजच्या रोज लिही, भेटशील तेव्हा आम्ही वाचणार. आजवर अपिझाकोत पीठ मळलं, आता लेट्यूस धुवायची.

घर मला फार आवडलं. पुढच्या दारात रस्ता आणि मागच्या दारात कालवा. मागच्या पायरीला माझ्या नवऱ्याची, हिलारियोची होडी बांधलेली असते, तो तिच्यातूनच पाण्यातल्या शेतांवर जातो. अंगणात दगडी हौद आहे, एवढा मोठा की चौघं आत बसून पत्ते खेळतील. हिलारियो दिवसभर मला हे दाखव, ते दाखव करत फिरत होता. पहिली बायको, औरेलिया, जाऊन तीन वर्षं झाली. या घरात एवढं मोठ्याने हसणं तेव्हापासून पहिल्यांदाच ऐकू आलं, असं शेजारीण म्हणाली.

आज तीन राजांचा सण, म्हणून रोस्का, कड्यासारखा गोड पाव, मीच भाजून आणला होता. सासूबाईंनी, म्हणजे दोन्या क्रेसेन्सियांनी, पहिला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, पाव छान जमतो गं तुला, आता माणसं जमली म्हणजे मिळवली. रोस्क्यात दडवलेला इवलासा प्लास्टिकचा बाळ ज्याच्या वाट्याला येईल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना मक्याच्या सालीत उकडलेले तमालेस करून घालायचे, ही आमच्याकडची रीत. बाळ नेमका माझ्याच घासात आला. या सासूला आवडतील असे तमालेस मला कुठले जमायला? गालात दाबून ठेवला आणि हात धुवायला म्हणून उठले तेव्हा टाकून दिला. मग ज्याची त्याची चौकशी झाली. सासूबाई म्हणाल्या, बेकरीवाली बाळ घालायलाच विसरली वाटतं! सगळे हसले, मीही हसले.

हिलारियोची मुलगी चायो आठ वर्षांची आहे. मला 'बाई' म्हणते. म्हणू दे, नाती काय भट्टीत घालून फुगवता येतात?

९ जानेवारी

या घरातला खरा लाडका कोण ते आज कळलं. हौदात एक आहोलोते आहे. शहरातून येणारे पाहुणे त्याला ॲक्सोलॉटल म्हणतात आणि फोटो काढतात. वीतभर लांब, गुलाबीसर पांढरा, मानेला दोन्ही बाजूंनी लाल पिसांसारखे कल्ले, आणि तोंड कायम हसरं. औरेलियाने तो चायोला दिला होता. नाव पेलोन, म्हणजे टकलू. गळ्याभोवती एवढी पिसं आणि डोक्यावर एक केस नाही, म्हणून.

चायो माझ्याशी चार शब्द बोलत नाही, पण पेलोनशी तासन्‌तास बोलते. शाळा, मास्तरीण, पडलेला दात, सगळं त्याच्या कानावर घालते. त्याचं करतेही किती निगुतीने! सकाळी लाकडी चिमट्याने गांडुळं भरवते. हौदातलं पाणी एकदम कधी काढत नाही, एक बादली काढायची आणि शिळं करून ठेवलेली एक बादली घालायची. ऊन तापलं की बर्फाची बाटली सोडते. हात कुणी लावायचा नाही. मी बोट बुडवलं तर म्हणाली, बाई, त्याला तुमचा हात भाजतो.

सासूबाई मक्याचे दाणे सोलता सोलता सांगत होत्या की याचा मूळपुरुष देव होता. सगळे देव मरायला निघाले तेव्हा हा एकटा पळाला आणि पाण्यात जाऊन लपला. तेव्हापासून हा मोठा होतच नाही, म्हातारपणीही लेकरूच राहतो. म्हणाल्या, आमच्या या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या एक असतोच. एक गेला की दुसरा आणून सोडायचा, जागा रिकामी ठेवायची नाही. मी विचारलं, ठेवली तर? त्या म्हणाल्या, तुझी भाजी करपतेय बघ.

१५ जानेवारी

आज सगळ्यांना चकित करायचं ठरवलं होतं. सासूबाई बाजारात, चायो शाळेत. हौदाच्या कडांना हिरवं शेवाळ साचलं होतं. पेलोनला बादलीत ठेवलं, हौद उपसला, खसखसून घासला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. हौद कसा लख्ख झाला! हिलारियो खूश झाला.

चायो आली आणि दप्तरासकट हौदापाशी उभीच राहिली. रडली नाही, ओरडली नाही. नुसतं विचारलं, सगळं पाणी? मी म्हटलं, अगं घाण होतं ते. ती म्हणाली, ते त्याचं होतं.

एवढ्याशा पोरीने मला दोन शब्दांत गप्प केलं याचा राग आला, खोटं कशाला लिहू? या घरात मेलेल्या बाईच्या टकल्याला मान आहे आणि जिवंत बाईला नाही, असंही मनात येऊन गेलं.

१९ जानेवारी

पेलोनच्या कल्ल्यांवर पांढरा कापूस धरलाय. बुरशी आहे, पाव विटला की धरते तशी. माझ्या त्या घासण्यामुळे आणि नळाच्या पाण्यामुळे, दुसरं काय असणार? सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी काळ्या चहाचं गार पाणी करून त्यात ठेवला असता, मागे एकदा असंच केलं होतं म्हणे. पण सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं आलं, आणि वर त्यांचा टोमणा.

मोरीपाशी आयोडीनची बाटली असते. कालव्याच्या पाण्यावरची लेट्यूस त्याच्या थेंबात भिजवल्याशिवाय आमच्याकडे कुणी तोंडात घालत नाही. लेट्यूसवरचे जंतू मरतात तर याच्यावरचे का मरू नयेत? चायो शाळेत गेल्यावर हौदात थेंब टाकले. थोडे जास्तच टाकले.

२६ जानेवारी

गेली बुरशी! रोज थेंब टाकतेय आणि कापूस पार नाहीसा झालाय. कल्लेही नीटनेटके दिसतात, आधीसारखे पसरट पिंजारलेले नाहीत. पेलोन चपळही झालाय. सारखा वर येतो आणि नाक पाण्याबाहेर काढतो.

मला इतकं हलकं वाटलं की दुपारी सगळ्यांसाठी गोड पाव केले. चायोने दोन खाल्ले. तिला सांगावंसं वाटत होतं, तुझ्या पेलोनला मी बरं केलं. नाही सांगितलं. थेंब मात्र अजून थोडे दिवस चालू ठेवणार आहे, पुन्हा धरायला नको.

२ फेब्रुवारी

कुणीच बाळ कबूल केला नाही, म्हणून तमालेस सासूबाईंनी केले. वाढताना म्हणाल्या, बाळ बहुतेक स्वतःच्या पायाने चालत गेला.

पेलोनचे कल्ले आता बोटाच्या पेराएवढे उरलेत. शेपटीवरचा पातळ पडदा आत गेलाय आणि रंग काळपट पडलाय. तो सबंध दिवस दगडाला टेकून डोकं बाहेर काढून बसला होता. चायोने भर पंगतीत विचारलं की पाण्यात कुणी काही टाकलं का. हिलारियो म्हणाला, नाही बुवा. सासूबाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि पुढचं ताट वाढायला घेतलं. मी म्हटलं, मक्याच्या अतोलेची गरम किटली इकडे द्या जरा.

त्याचे कल्ले नीटनेटके होत नव्हते. झडत होते. बुरशीला धरायला जागाच उरली नव्हती म्हणून ती गेली. हे मला आज कळलं असं लिहिणार होते, पण तीन-चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. त्यानंतरही थेंब टाकले, कारण थांबवले असते तर काहीतरी चुकतंय हे माझं मलाच मान्य करावं लागलं असतं.

४ फेब्रुवारी

जनावरांची डॉक्टरीण येऊन गेली. मोठी फटकळ बाई आहे. पाहताक्षणी म्हणाली, हा रूप बदलतोय. आहोलोतेने जन्मभर पाण्यातच राहायचं असतं. क्वचित एखाद्याच्या अंगात असतं म्हणून तो आपोआप बदलतो, नाहीतर कुणीतरी आयोडीन घातल्यावर बदलतो. कल्ले गळतात, फुप्फुसं काम करू लागतात, कातडी जाड होते, पापण्या फुटतात. बरेचसे यातच मरतात. एकदा सुरू झालं की माघार नाही.

मग तिने हिलारियोला विचारलं, आयोडीन घातलं का कुणी? हिलारियोने चायोकडे पाहिलं. मागे एकदा या पोरीने पेलोनला ताप आला म्हणत त्याच्या पाण्यात जांभळं औषध टाकलं होतं म्हणे. तो तिला म्हणाला, खरं बोल, आईची शेवटची वस्तू होती ती, तीही मारलीस?

तेव्हा मी बोलायला हवं होतं. माझं तोंड उघडलंही होतं. चायोने माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि म्हणाली, हो, मीच टाकलं.

मी तोंड मिटलं.

७ फेब्रुवारी

डॉक्टरिणीने सांगितलं तसं सगळं मीच करतेय. हौदातलं पाणी घोट्याएवढं ठेवलंय. एका बाजूला उतरता दगड, त्यावर ओलं शेवाळ आणि लपायला फुटक्या मडक्याचा तुकडा. हौदावर गोणपाट भिजवून घातलंय, ऊन नको आणि पळूनही जायला नको. कातडी सुटतेय ती ओढायची नाही. बरेच दिवस खाणार नाही, तरी जबरदस्ती करायची नाही. गांडूळ फक्त समोर धरायचं. उचलायचं नाही, दचकवायचं नाही. मी एवढी सेवा आजवर कुणाची केली नाही. सासूबाई म्हणाल्या, चायोच्या चुकीपायी तुला केवढा त्रास! चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय माझं, त्या जे बोलतात ते मला टोचतंच.

आज गोणपाट उचललं तर पेलोन दगडावर पूर्ण बाहेर बसला होता. माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. परत उघडले. या घरात आल्यापासून त्याच्या उघड्या मण्यांसारख्या डोळ्यांचीच मला सवय. माझ्या हातातलं गांडूळ खाली पडलं.

१० फेब्रुवारी

हे लिहू की नको? चायोच्या डोळ्यांची पापणी लवत नाही.

आधी वाटलं, माझंच मन खातंय. म्हणून जेवताना मुद्दाम तिच्या समोर बसले. बशीतला रस्सा निवून गेला तरी एकदाही नाही. हिलारियोला सांगितलं तर म्हणाला, पोरगी रागावून टक लावून बघते, औरेलियाही अशीच बघायची. दवाखान्यातल्या डॉक्टरने डोळ्यांत घालायला औषध दिलं. तेही थेंबच. बाटली माझ्या हातात दिली, घाला म्हणाला, आणि मी ती तशीच सासूबाईंकडे सरकवली.

१२ फेब्रुवारी

चायोला पाव नको, दूध नको. शाळेतून आली की हौदात पाय सोडून बसते. पाय बाहेर घेतले की तिला धाप लागते, म्हणून हिलारियोने हौद पुन्हा भरलाय आणि पेलोनला लाकडी खोक्यात ठेवलंय. तो तिथे शेवाळावर मजेत आहे. गांडुळंही खायला लागलाय.

आज धीर करून तिच्याजवळ बसले. विचारलं, तू का म्हणालीस की तूच टाकलंस? तुला माहीत होतं ना, मी टाकलं ते? ती पाण्याकडेच बघत म्हणाली, बाई, तुम्ही गेलात तर बाबा परत स्वयंपाकघरात दिवा न लावता बसेल.

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिने अंग चोरलं. म्हणाली, भाजतं.

१५ फेब्रुवारी

तिच्या कानांमागे लाल रेघा उठल्यात. आज सकाळी वेणी घालताना पाहिल्या. दोन्ही बाजूंना तीन-तीन. मी वेणी सोडली आणि केस मोकळे ठेवले, कुणाला दिसू नये म्हणून. मीच झाकते सगळं. झाकण्यात माझा हात कोण धरणार?

डॉक्टर म्हणाला, गांधी उठल्यात, मलम लावा.

हिलारियोला सांगायचं ठरवून कालव्याच्या पायरीवर गेले. तो होडीत लेट्यूसच्या जुड्या रचत होता. डोळे सुजलेले होते त्याचे. मी म्हटलं, यंदा लेट्यूस छान आलीय. तो हो म्हणाला.

१७ फेब्रुवारी

दुपारी चायोच्या खोलीत गेले. पलंगावर पेलोन. उशीच्या खळग्यात, तिचं डोकं असतं तिथेच. खोक्याचं झाकण नीट बंद होतं — मी बघून आले. पाठीवर पिवळे ठिपके, जाड बोटं. माझ्याकडे वळला आणि पापण्या मिटून, उघडून — हसलाच म्हणा ना. त्याचं तोंडच तसं आहे. आहे का तसं?

चायो हौदात होती. कपड्यांसकट. तोंड पाण्याखाली. मी किंचाळून ओढलं तिला. ती बुडत नव्हती. बाहेर काढल्यावर गुदमरायला लागली. सासूबाई धावत आल्या, तिला माझ्या हातातून घेतलं आणि — परत पाण्यात ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, जागा रिकामी झाली होती.

हिलारियो शहरात गेलाय, मोठा डॉक्टर आणायला.

१८ फेब्रुवारी

रेघा उघडल्या. पाण्यात ते लाल पिसांसारखं हलतं. बोलत नाही आता. ओठ हलतात, आवाज नाही. तरी हसते.

सासूबाई हौदाच्या कडेला बसून तिला गांडुळं भरवतात. चिमट्याने.

मी भरवायला गेले तर खाल्लं नाही.

१९ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी सासूबाईंच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. हौद, नळाचं पाणी, थेंब, जास्तीचे थेंब, कळल्यावरही टाकलेले थेंब. चायोचं खोटं आणि माझं गप्प राहणं. रोस्क्यातला बाळसुद्धा सांगितला, वेड्यासारखा.

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, माहीत आहे गं. लेट्यूस नाही धुतली त्या दिवशीही तुझी बोटं पिवळी असायची. मी वाट बघत होते.

मी ओरडले, मग का नाही बोललात? पोर गेली हातची! त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, मी बोलून काय उपयोग, पाणी माझं ऐकत नाही. ज्याने पाण्याचं लेकरू बाहेर काढलं त्याला स्वतः कबूल व्हावं लागतं, पाण्यात उतरून त्याची जागा भरावी लागते. तोवर ते हाताला लागेल त्याला घेतं. तुला सांगितलं असतं तर तू भीतीने कबूल झाली असतीस, ते चालत नाही. आणि मलाही वाटत होतं, तू जाऊ नयेस. माझ्या हिलारियोसाठी. मीही तुझ्याइतकीच —

त्यांनी डोळे पुसले. मग विचारलं, आता कुणाला सांगायचंय कळलं ना?

१९ फेब्रुवारी, दुपार

वही हौदाच्या काठावर ठेवून लिहितेय. मी आत आहे, छातीपर्यंत. पाणी गार आहे — आधी गार होतं, आता नाही वाटत.

पाण्याला सांगितलं. मोठ्याने. शेजारणीने ऐकलं असेल, ऐकू दे.

चायोला उचलून बाहेर दिलं. गुदमरली. सासूबाईंनी पाठ चोळली. खोकली, खूप पाणी ओकली — मग डोळे मिटले तिने! मिटले आणि उघडले, परत परत, जणू नवीन खेळ सापडलाय. कानांमागे नुसत्या रेघा उरल्या. भूक लागली म्हणाली. पाव मागितला. माझा कालचा पाव आहे घरात, शिळा, पण आहे.

मैत्रिणींनो, मी रडत नाहीये. डोळ्यांना ते येत नाही आता.

हिलारियो यायच्या आत झालं तर बरं. त्याला काय सांगायचं ते सासूबाई —

मान खाजते. दोन्ही बाजूंनी. बोटं चिकटायला लागलीत, पेन्सिल नीट धर

चायो दारात आलीय. हातात पाव. इकडे बघतेय. तिला कळलं. पाव टाकला. धावत येतेय, आई म्हणतेय, मला म्हणतेय, आई बाहेर ये. सासूबाई मागून — त्यांना धावता येत नाही —

येऊ नकोस. चायो, पाण्यात पाय घालू नकोस, माझं अजून पुरतं झालं नाही, ते तुला परत घेईल. मी ओरडतेय. तोंड उघडतंय, आवाज नाही — तिने काठावर हात ठेवला, तिने एक पाय —